काळ्या पिठाचा हात

ओस्विनच्या कोटाच्या खिशात मिल्डाला एक हात सापडला.

बोटाएवढाच होता. कोपरात वाकवलेला, मूठ वळलेली, मुठीत मेणबत्ती बसवण्यापुरता खळगा. रंग दिलेला नव्हता. कोट झटकताना तो रुमालाच्या घडीतून निसटला, फरशीवर पडला आणि टेबलाच्या पायापर्यंत घरंगळत गेला. मिल्डाने तो उचलून खिडकीशी नेला आणि उजेडात धरला.

हात सापडण्यात तसं नवल नव्हतं. नाताळ जवळ आला की त्या डोंगरातल्या घराघरांत हातच हात पसरलेले असत. पुरुष ओढ्याकाठच्या कातारखान्यात जात. तिथल्या लेथ पाण्याच्या चाकावर फिरत आणि त्यांच्यावर ओल्या लाकडातून देवदूतांची धडं, डोकी, टोप्या निघत. टोपल्या भरून तो माल घरी आला की पुढचं काम बायकांचं. हात लाकडाचे नसत, कणकेचे असत. मैदा, सरस आणि खडूची पूड मळायची, साच्यात दाबायची, चुलीमागच्या फळीवर वाळवायची, मग चिकटवून रंगवायची. मिल्डाच्या चुलीमागे आत्ताही देवदूतांचे हात ओळीने वाळत होते. खडूसारखे पांढरे, गुळगुळीत, सगळे सारखे.

हा हात पांढरा नव्हता. करडा होता आणि त्यात कोंड्याचे बारीक ठिपके दिसत होते. साच्यातलाही नव्हता, कारण साच्याची शिवण कुठे नव्हती. बोटांनी वळलेला होता, आणि कोपराच्या आतल्या बाजूला वळणाऱ्याच्या बोटाचा ठसा राहून गेला होता. मिल्डाने त्या ठशावर आपली करंगळी ठेवून पाहिली. ठसा पुरुषाचा नव्हता.

तिने दोन्ही अंगठे कोपरावर टेकवले आणि हात मोडला. आतून तपकिरी. नाकाशी नेला, तर आंबट वास आला. काळ्या पावाचं पीठ.

म्हणजे कुठेतरी दुसरी चूल होती. त्या चुलीपाशी एक बाई काळ्या पावाच्या पिठात सरस घालून मळत होती, आणि तिने वळलेला हात ओस्विन रुमालात गुंडाळून खिशात बाळगत होता.

एवढ्यावरही कदाचित मिल्डाने मन आवरलं असतं. पण हाताच्या मनगटाशी घट्ट बाहीची कड होती आणि कडेला बटणाएवढा उंचवटा. देवदूताची बाही सैल असते. ही बाही खाणकऱ्याची होती.

देवदूत कुणासाठी आणि खाणकरी कुणासाठी, हे त्या भागात पाळण्यातल्या पोरालाही कळे. घरात मुलगी जन्मली की खिडकीत देवदूत उभा राहायचा, मुलगा जन्मला की खाणकरी. काळा अंगरखा, उंच हिरवी टोपी, दोन्ही हातांत मेणबत्त्या. नाताळाआधीच्या चार आठवड्यांत अंधार पडला की घरोघर ते दिवे लागत आणि रस्त्याने जाणाऱ्याला कुणाच्या घरी किती मुली, किती मुलगे, हे दार न ठोठावता समजत असे. मिल्डाला मुलगा नव्हता. व्यापाऱ्याने यंदा तिच्या घराकडून फक्त देवदूत मागितले होते. मग हा खाणकरी कुठल्या खिडकीसाठी चालला होता?

मिल्डाने दोन्ही तुकडे ॲप्रनच्या खिशात टाकले आणि कोट होता तसा खुंटीला लावला.

तिच्या स्वतःच्या खिडकीत तीन वर्षं काहीच उभं नव्हतं. देवदूत होता, पण कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळलेला. लेक लीस्बेट सीमेपलीकडच्या एका माणसाबरोबर निघून गेली होती. तो कॅथलिक, इथलं गाव सगळं प्रोटेस्टंट, त्यात त्याचं हातावर पोट. जाताना दारात जे बोलणं झालं त्यानंतर मिल्डाने देवदूत उचलून आत ठेवला आणि ओस्विनला सांगितलं, या घरात ते नाव पुन्हा निघणार नाही. ओस्विनने मान डोलावली होती. तीन वर्षांत त्याने ते नाव एकदाही काढलं नव्हतं. मिल्डा मनातून त्याची आभारी होती. निदान हा माणूस आपल्या बाजूचा आहे, असं ती धरून चालली होती.

संध्याकाळी ओस्विन कातारखान्यातून आला. भुवयांवर भुसा, मानेवर भुसा. टोपली खाली ठेवल्या ठेवल्या तो कोटाकडे गेला. मिल्डा देवदूतांच्या भुवया काढत बसली होती. तिने ब्रश थांबवला नाही. ओस्विनने उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग रुमाल उलगडून झटकला आणि खुंटीखालची फरशी पाहिली.

"कोट झटकला होता मी," मिल्डा म्हणाली. "काही हरवलं का?"

"नाही," ओस्विन म्हणाला. "काही नाही."

मिल्डाने भुवई पूर्ण केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून एक भुवई दुसरीपेक्षा जाड आली. तिने ती पुसली नाही. तो देवदूत तिने बाजूला ठेवला.

त्यानंतर तिने शनिवारांचा विचार सुरू केला. शनिवारी ओस्विन माल घेऊन खालच्या शहरात व्यापाऱ्याकडे जाई आणि अंधार पडता पडता परत यायचा. मधल्या वेळात कुठे असतोस, असं तिने कधी विचारलंच तर म्हणे, खानावळीत बसलो होतो चार लोकांत. मिल्डाने आता आठवून पाहिलं. खानावळीत बसलेल्या माणसाच्या कोटाला तंबाखूचा धूर चिकटतो. ओस्विनच्या कोटाला स्प्रूसच्या झाडांच्या चिकाचा वास असायचा. शनिवारी त्याला भूकही नसे. बटाट्याचे गोळे तो काट्याने या कडेचे त्या कडेला करत राही. आणि गेल्या शनिवारी त्याच्या कॉलरवर खसखशीचा एक दाणा होता. मिल्डाच्या घरात खसखस नव्हती.

एकेक गोष्ट घेतली तर काहीच नव्हतं. सगळ्या एका ओळीत ठेवल्या की ओळ एकाच दिशेने जाई. डोंगराच्या वर. शहर खाली होतं आणि स्प्रूसचं रान वर. रानातून येणारी पाऊलवाट गावात उतरते तिथे पहिलंच घर हेडविगचं.

हेडविग विधवा होती. ती पैशांवर इतरांसाठी कणकेचे हात वळून द्यायची आणि त्यात खडू वाचवते असा तिचा लौकिक होता. तिला कुर्ट नावाचा लहान मुलगा होता. नवऱ्याचं मरण आणि कुर्टचा जन्म यांत नऊ महिन्यांत न बसणारं अंतर होतं. गावाने ते आपापल्या बोटांवर मोजून ठेवलं होतं, आणि बापाचं नाव हेडविगने पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी बायका आल्माच्या घरी जमल्या. थंडीत एकाच घरचा लाकूडफाटा जळावा आणि सगळ्यांनी त्या उबेला बसून काम करावं, अशी तिथली रीत. कुणाच्या मांडीवर लेस विणायची उशी, कुणाच्या हातात न रंगवलेली डोकी. आल्माची खोली लहान, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लागत होता. मिल्डा मुद्दाम हेडविगच्या समोर बसली आणि तिच्या बोटांकडे पाहत राहिली. बोटं लहान होती. ठशात बसतील अशी.

बोलणं व्यापाऱ्याच्या चेंगटपणावरून नव्या पाद्र्याच्या खोकल्यावर गेलं, तिथून कुणाच्या बकरीवर. मग हेडविग, उशीवरची नजर न काढता, म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या हाताला मात्र तोड नाही हं, मिल्डा. माझ्या कुर्टला भोवरा करून दिलाय. अजून सुईसारखा उभा राहतो."

"कधी दिला?" मिल्डाने विचारलं.

"असाच. येता-जाता."

"तुझं घर कुठे त्याच्या वाटेवर आहे?"

"वाटेचं काय ग, माणूस वळेल तशी वळते," हेडविग म्हणाली आणि हसली.

आल्मा उगीचच खोकली आणि चुलीत लाकूड सारायला उठली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. लेसच्या लाकडी कांड्यांचा खडखडाट एकदम वाढला. मिल्डाच्या लक्षात आलं की इथे सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि ते तिच्यासमोर बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.

घरी येताना ती हेडविगच्या घरापर्यंत गेली नाही, पण जाण्याचं ठरवून आली. पुढचंही तिने ठरवून टाकलं. कुर्ट ओस्विनचा निघाला तर ती ब्रश धुऊन ठेवणार, देवदूत अर्धवट रंगवलेले तसेच सोडणार आणि भावाच्या घरी जाणार. भावजय तिला बोलून दाखवेल, रोज दाखवेल. तरी चालेल. दुसऱ्या बाईच्या चुलीवरून उठून आलेल्या माणसाला ती सूप वाढणार नव्हती.

शनिवारी ओस्विन पाठपिशवी घेऊन बाहेर पडला. मिल्डाने दुपारपर्यंत वाट पाहिली, मग एक रिकामा वाडगा उचलला आणि वरच्या रस्त्याला लागली. बर्फ पायाखाली करकरत होता.

हेडविगच्या खिडकीत खाणकरी उभा होता. मिल्डा कुंपणाशी थांबली. दोन्ही हात शाबूत, दोन्ही हातांत मेणबत्त्या. टोपीची कड जाड आणि बोथट. ओस्विन टोपीची कड अशी ठेवत नाही, तो पटाशी शेवटी किंचित आत वळवतो आणि कड पानासारखी पातळ निघते. हा दुसऱ्या कुणाचा माल होता. मिल्डाला याने बरं वाटलं नाही. संशयाची गाठ इतकी घट्ट बसली होती की ती सैल होणंही दुखत होतं.

"खडू संपला," आत जाऊन ती म्हणाली. "वाडगाभर देशील का?"

हेडविग कणीक मळत होती. परातीतला गोळा चुन्यासारखा पांढरा होता. कुर्ट जमिनीवर भोवरा फिरवत होता. त्याचे कान डोक्यापासून चांगलेच बाहेर आलेले होते, आणि मिल्डा त्या कानांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली, कारण असे कान साऱ्या गावात फक्त पोस्टमनला होते.

"खडूसाठी चढ चढून आलीस?" हेडविगने हात पुसले. "तुझ्या घरी पोतं असतं खडूचं. बस, आणि काय शोधतेस ते सांग. का पोराचे कान मोजायला आलीस?"

मिल्डा बसली नाही. तिने ॲप्रनच्या खिशातून दोन तुकडे काढले आणि टेबलावर ठेवले. हेडविगने ते जोडून पाहिले, वास घेतला, नखाने थोडं खरवडलं.

"माझं नाही," ती म्हणाली. "मी खडू वाचवते हे खरं. पण काळ्या पावाचं पीठ घालण्याइतकी येडी नाही. उंदीर खातात. कुणीतरी घाईत केलंय, जवळ दुसरं पीठ नव्हतं म्हणून." मग तुकडे पुढे सरकवून ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुझा नवरा दर शनिवारी या दारावरून जातो, मिल्डा. जाताना पिशवी भरलेली, येताना रिकामी. मी हाक मारते, तो टोपी काढतो आणि चालू लागतो. इथे आत आला नाही कधी. भोवराही कुंपणावरून दिला."

"मग जातो कुठे?"

"माझ्यापुढे घर नाही. रान आहे, आणि रानापलीकडे जकात नाका."

"नाक्यापुढे?"

हेडविगने परातीत पुन्हा हात घातला. "ते मला का विचारतेस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच मिल्डाला जास्त लागलं.

नाक्यावरच्या शिपायाने तिच्या वाडग्याकडे पाहिलं, आत काही नाही हे पाहिलं आणि तिला जाऊ दिलं. मिल्डा उतारावरून चालली होती आणि त्या बाईचा चेहरा मनात घडवत होती. पलीकडची बाई. खसखशीच्या पोळ्या करणारी, मोठ्याने हसणारी, काळ्या पिठात सरस घालणारी आळशी बाई. आणि तिचा मुलगा. किती वर्षांचा असेल? चालणारा, की बोलणाराही? ओस्विन त्याला मांडीवर घेत असेल का? प्रत्येक प्रश्नाला ती स्वतःच उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वाईट होतं.

सीमेपलीकडच्या गावात खिडक्यांत दिवे नव्हते. तिथे खिडकीत देवदूत नि खाणकरी ठेवायची चाल नव्हती. नाताळात ते लोक बाळ येशूच्या गोठ्याचा देखावा मांडत, तोही घराच्या आत. त्यामुळे गावाच्या टोकाचं ते लहान घर मिल्डाला रस्त्याच्या वळणावरूनच दिसलं. सगळ्या काळोख्या खिडक्यांत एकच मेणबत्ती जळत होती.

ती कुंपणाच्या आत शिरली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

खाणकरी उंच होता, वीतभर तरी. टोपीची कड पानासारखी पातळ. ओस्विनने आजवर केलेल्यांत इतका चांगला तिने पाहिला नव्हता. डाव्या हातात मेणबत्ती होती. उजवा हात नव्हता. खांद्याशी नुसतं भोक होतं.

आत एक बाई खिडकीकडे पाठ करून टेबलाशी उभी होती आणि काहीतरी मळत होती. तिचे खांदे तरुण होते. मिल्डाने ते एखाद्या मालातला दोष टिपावा तसं टिपलं. बाईच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिने मनगटाच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. मग चमचा उचलून भांड्याच्या कडेवर दोनदा ठोकला, आणि तिसऱ्यांदा हलकेच.

असा चमचा ती स्वतः ठोकायची. तिची आई ठोकायची. आणि लहानपणी स्टुलावर उभी राहून, कणीक पुरती मळायच्या आधीच साच्यात कोंबायची घाई करणारी एक मुलगी ठोकायची.

लीस्बेट वळली. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. बाकावर ओस्विन बसला होता, कोट काढून, बाह्या वर करून, जसा तो घरीही बसत नसे. त्याच्या बुटावर एक मूल घोड्यावर बसावं तसं बसलं होतं, आणि तो पाय वर-खाली करत होता. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओस्विनचे खांदे हलत होते. तो हसत होता.

संशय खोटा ठरला, म्हणून मिल्डाला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिने जे धरलं होतं त्यातलं पुष्कळसं खरंच होतं. दुसरी चूल होती. त्या चुलीपाशी एक बाई होती, एक मुलगा होता, आणि तिचा नवरा तिथे जाऊन हसत होता. खोटी ठरली होती ती फक्त बाई. आणि गावातल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. तिच्यासमोर ते नाव काढायचं नाही, हे तिने ओस्विनला बजावलं होतं. पाळत मात्र सारं गाव होतं.

तिने दारावर थाप मारायला हात उचलला. दुसरा हात ॲप्रनच्या खिशात होता आणि बोटांना ते दोन तुकडे लागले. त्या पोराच्या खाणकऱ्याचा हात तिने मोडला होता. नीट पाहून, दोन अंगठे लावून मोडला होता. आता ते तुकडे घेऊन आत जायचं आणि काय म्हणायचं?

तिने हात खाली घेतला आणि आली तशी परत फिरली.

हेडविग दारात बर्फ झाडत होती. तिने मिल्डाला येताना पाहिलं आणि झाडू थांबवला. "खडू नेतेस का?" तिने विचारलं. मिल्डाने वाडगा पुढे केला. हेडविगने तो काठोकाठ भरून दिला. 

ओस्विन अंधार पडल्यावर आला. खानावळीत गर्दी होती, म्हणाला. मिल्डाने सूप वाढलं. वाढायचं नाही असं तिने ठरवलं होतं ते दुसऱ्या माणसासाठी, आणि हा नेमका कोणता माणूस आहे हे तिचं अजून ठरायचं होतं.

सोमवारी तिने कणीक मळली. मैदा, सरस, हेडविगचा खडू. देवदूतांचे हात साच्यात दाबून झाले, मग एक गोळा तिने बाजूला ठेवला. मोडलेले तुकडे टेबलावर जोडून ठेवले आणि त्यांच्यावरून माप घेतलं. कणीक वाळली की आकसते, म्हणून नवा हात थोडा मोठा वळला. मूठ मेणबत्तीच्या बुडावर बसवून पाहिली. मनगटाशी बाहीची कड, कडेला बटण. खांद्याच्या टोकाशी खुंटी. लीस्बेटने खुंटी जाड ठेवली होती. म्हणूनच ओस्विनने तो हात खिशात घालून आणला असणार, खांद्याचं भोक मोठं करायला त्या मापाचं गिरमिट कातारखान्यात शोधायला. असं भोक वाढवत गेलं तर एक दिवस लाकूड तडकतं. मिल्डाने खुंटी बारीक केली.

तिने तो हात लपवला नाही. चुलीमागच्या फळीवर देवदूतांच्या हातांच्या ओळीत ठेवला, तिथे तो बदकांत हंस शिरावा तसा दिसत होता. ओस्विनला तो जेवताना दिसला. त्याने चमचा तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. मिल्डा पाव कापत होती. त्याने सूप संपवलं, ताटली बाजूला सारली आणि लाकडं आणायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. परत आला तेव्हा हातात एकही लाकूड नव्हतं.

हात वाळला. मिल्डाने त्याला काळी बाही दिली, पिवळं बटण दिलं, मुठीला गुलाबी रंग. नखं काढायची नसतात, कुणाला दिसत नाहीत. तिने काढली.

शनिवारी ओस्विनने कोट चढवला, पिशवी पाठीवर घेतली आणि सवयीने खिसे चाचपले. उजव्या खिशावर त्याचा हात थांबला. त्याने रुमाल बाहेर काढला, उलगडला, आणि दाराशी तसाच उभा राहिला.

मिल्डा पाठमोरीच बोलली. "खुंटी बारीक केली आहे. खांदा आणखी कोरू नकोस. सरस गरम करून लाव, आणि सुकेपर्यंत पोराला हात लावू देऊ नको."

"मिल्डा," ओस्विन म्हणाला.

"तू तीन वर्षं माझ्याशी खोटं बोललास."

"हो."

"दर शनिवारी."

"हो," ओस्विन म्हणाला. "खरं सांगायला गेलो असतो, तर जाणं थांबलं असतं."

मिल्डाने फळीवरचे वाळलेले हात टोपलीत भरायला घेतले. "उजेड आहे तोवर नीघ," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने कपाट उघडलं. देवदूताच्या गालावरचा रंग तडकला होता आणि एका पंखाची कड निघाली होती. पंखाला सरस लावून ती बसून राहिली. गाल तिने नव्याने रंगवला नाही. दिवस कलला तसा तिने देवदूत खिडकीत उभा केला, मेणबत्त्या लावल्या आणि पडदा बाजूला केला.

थोड्याच वेळात बाहेर घसरगाडीचा आवाज थांबला. हेडविग पोराला गाडीवर बसवून खाली दुकानाकडे चालली होती. तिने खिडकीकडे पाहिलं, मग दाराशी आली. पोर गाडीवरच बसून राहिलं.

"मुलगी आली वाटतं?" तिने विचारलं.

"आली नाही," मिल्डा म्हणाली. "आहे."

हेडविगने मान हलवली आणि दोरी ओढत पुढे गेली. मिल्डाला माहीत होतं, तिचं सामान घेऊन होईपर्यंत ही बातमी आल्माच्या घरी पोचलेली असेल. पोचू दे, असं तिला वाटलं.

ओस्विन आला तेव्हा दारात बूट झटकण्याआधी तो बाहेर रस्त्यावरच बराच वेळ उभा राहिल्याचं तिला कळलं, कारण पावलं थांबली होती आणि दार उघडलं नव्हतं. मग तो आत आला, कोट खुंटीला लावला आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. मिल्डा उठली आणि त्याच्यादेखत कोटाच्या खिशात हात घातला. ही सवय आता जाणार नव्हती.

रुमालात एक गोळी होती. सुपारीएवढी, वाळलेली, कणकेची. या वेळी पांढरी होती.

मिल्डाने ती खिडकीशी, देवदूताच्या उजेडात नेली. नख मारलं. मग दोन अंगठे लावून मोडली आणि आतून पाहिली. मैदा होता. खडू होता. पण कड भुसभुशीत तुटली होती आणि बोटांना भुकटी लागत होती.

"सरस कमी पडलाय," ती म्हणाली. "आणि अजून घाईच आहे. हाताला चिकटायचं थांबेपर्यंत मळायचं असतं."

"सांगतो तिला," ओस्विन म्हणाला. "पुढच्या शनिवारी."

"तू नको सांगू. तू प्रमाण चुकवशील."

तिने मोडलेली गोळी पहिल्या दोन तुकड्यांशेजारी खिडकीच्या फळीवर ठेवली. मग दारामागून आपले बूट आणले आणि ओस्विनच्या पायांजवळ ठेवले.

"डाव्याचा तळ उसवलाय," ती म्हणाली. "पलीकडच्या उतारावर बर्फ आत जातो. शनिवारच्या आत शिवून दे."

ओस्विनने बूट उचलला आणि दिव्याजवळ धरून तळ पाहू लागला.